मापाचा ब्लाउज

आमच्या ऑफिसात माझ्या कपाटाबद्दल दंतकथा आहेत. मॅडमचा निम्मा पगार साड्यांत जातो म्हणे. मॅडमचं कुणीतरी पैठणला मागावर बसतं म्हणे. मी हसून सोडून देते, कारण खरं सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. माझ्याकडे नेसायच्या साड्या आहेत चोवीस, आणि त्यातल्या सात-आठ तर माझ्या नोकरीइतक्या जुन्या. ज्यांचं कपाट उघडलं की साड्यांचा ढीग अंगावर येतो, त्याच बायका मला विचारतात, तुम्ही रोज नवीन कशा दिसता? साडी कमी घ्यावी आणि ब्लाउजवर डोकं चालवावं, एवढंच आहे त्यात. एका इरकलीवर मी तीन ब्लाउज करते. एक खणाचा, एक गडद सुती, एक कटपीसच्या ढिगातून उचललेल्या छापील कापडाचा. लोकांना तीन साड्या दिसतात.

ही अक्कल माझी नाही. माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

आक्काला परंड्याला दिलेली. दोन-तीन महिन्यांतून एकदा ती सकाळच्या एसटीनं धाराशिवला यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. मधला दिवस आम्हा दोघींचा. भाऊजींना ती सांगून यायची की आईला बघायला जाते. आईला ती दहा मिनिटं बघायची, मग आम्ही बाजारात.

तिच्यासारखी खरेदी करणारी बाई मी पाहिली नाही. सणाच्या तोंडावर कापड घेणारा आणि भुकेल्या पोटी भाजी घेणारा, दोघंही फसतात, हे तिचं वाक्य. ती आषाढात घ्यायची. लग्नसराई संपलेली, पेरण्या झालेल्या, दुकानदार माशा मारत बसलेले. पहिल्या फेरीत नुसतं बघायचं. पर्स उघडायची नाही, रंगाचं कौतुक तोंडावर येऊ द्यायचं नाही. मग चहा प्यायचा. चहा पिऊन झाल्यावरही जी साडी डोळ्यांसमोर राहील, तिच्यासाठी दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीत ती साडी उचलून थेट दुकानाच्या उंबऱ्यावर जायची, उन्हात. दुकानदार आतून ओरडायचा, "आवो ताई, हितं बघा की, हितं काय उजेड न्हाय का?" आक्का म्हणायची, "तुमच्या ट्यूबलाइटखाली कावळाबी मोर दिसतोय." मग कापडाची उलटी बाजू बघायची. पदराचं टोक मुठीत आवळून सोडायचं, चुण्या किती वेळ राहतात ते बघायला. बोट ओलं करून काठावर फिरवायचं आणि पांढऱ्या रुमालाला पुसायचं. एवढ्या परीक्षा तर मी नोकरीसाठी दिल्या नाहीत.

आणि मग चाचांकडे. बाजाराच्या मागच्या गल्लीत चाचांचं दुकान आहे. आमचे शाळेचे गणवेश त्यांनीच शिवलेले. परंड्याला काही शिंपी नव्हते असं नाही, पण आक्का म्हणायची, पाठ फक्त चाचांना कळते. तिचा गळा ठरलेला. मागून मटका गळा, पण बेतानं खोल, आणि त्याला बोटभर खणाची पट्टी. बाही कोपरापर्यंत. खांद्यानं ती रुंद होती, आमच्या वडिलांवर गेलेली, आणि त्या रुंद खांद्यांवर तो गळा असा बसायचा की बाजारात पुढून येणाऱ्या बायका वळून तिची पाठ बघायच्या. मी अंगानं बारीक, खांदे उतरते. तिच्याशेजारी मी नेहमी मागच्या वर्षीचं कॅलेंडर दिसायचे.

तिची शेवटची खेप श्रावणातली. दुकानात ब्लाउज घालून बघत ती म्हणाली, "चाचा, माप बदललं वो माझं." चाचांनी दोन्ही बाजूंना टाचण्या लावल्या. म्हणाले, "बोटभर आत घ्यावं लागंल दोनी कडनं." ती आरशात स्वतःकडे बघत होती. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "लई भारी दिसायलीस गं आक्का. काय डायटिंग करायलीस का?"

ती हसली. "तर काय, हिरॉईन व्हायचंय मला." त्या दिवशी तिनं चहा अर्धा ठेवला होता. भजी मीच संपवली. एक पिवळी साडी तिला फार आवडली होती, हळदीचा रंग आणि जांभळा काठ. पहिल्या फेरीत बघितली, दुसऱ्या फेरीला गेलीच नाही. म्हणाली, "पाय दुखायलेत. पुढच्या बारीला." मी तिला एसटीत खिडकीपाशी बसवलं. पौषात ती गेली. पोटात गाठ होती. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

काठाला बोट लावून मी सांगते की रंग जाणार की राहणार. दहा हातांवरून सांगते की पदर मशीनचा आहे की मागावरचा. आणि माझी सख्खी बहीण माझ्या डोळ्यांदेखत बोटभर आटली, आणि मला ती फॅशन वाटली. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही.

तेराव्यानंतर तिच्या साड्या सासरच्या रिवाजाप्रमाणे नात्यातल्या बायकांना वाटल्या. माझ्या हातात आक्काच्या सासूबाईंनी एक ब्लाउज ठेवला. मरून खणाचा, तिच्या चांगल्या दिवसांतला, अंग भरलेलं होतं तेव्हाचा. म्हणाल्या, "तुला घे. साडी काय, कुनीबी नेसंल." त्या मला कधी फारशा आवडल्या नव्हत्या. त्या दिवसापासून आवडतात.

आता पुढची चूक समजायला आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे बायका शिंप्याला टेपनं माप देत नाहीत. लाज म्हणा, सवय म्हणा. अंगाला नीट बसणारा एक ब्लाउज घरात राखून ठेवायचा. नवीन कापड शिवायला टाकताना तोच पिशवीत घालायचा. तो मापाचा ब्लाउज. शिंपी त्याच्यावरून बेततो आणि नव्या ब्लाउजांबरोबर तो परत करतो. एकेका बाईचा मापाचा ब्लाउज मुलाच्या बारशापासून मुलाच्या लग्नापर्यंत चालतो.

फाल्गुनात मी चार कटपीस घेऊन चाचांच्या दुकानात पिशवी टाकली. ते नमाजाला गेले होते, मी पिशवी खुंटीला अडकवून ऑफिसात पळाले. घरातून निघायच्या घाईत मापाचा म्हणून मी पिशवीत कोणता ब्लाउज घातला होता, ते मला आठ दिवसांनी कळलं.

चाचा तेव्हाही म्हातारेच होते. त्यांनी घड्या माझ्यापुढे ठेवल्या आणि खुशीत म्हणाले, "आक्का आल्यात व्हय? श्रावनात मी त्यांचं आत घेतलं होतं, आन आता परत जुनं माप दिलंय. अंग भरलं म्हना की. अल्लाचा शुकर. तवा मला बघवत न्हवतं, खरं सांगतो. पन कसं बोलावं बाईमानसाला?"

मी त्यांना सांगितलं. परंड्याची बातमी त्या गल्लीपर्यंत आलीच नव्हती, आणि मीही दुकानाकडे फिरकले नव्हते. चाचांनी चष्मा काढला आणि तो मशीनवर ठेवला. मग म्हणाले, "द्या हिकडं. उसवून तुमच्या मापाचे करून देतो."

मी चारही घड्या छातीशी धरल्या आणि म्हणाले, "राहू द्या."

घरी येऊन एक घातला. खांदे उतरत होते, छातीत ढिला. मागे गळा मात्र तोच. मी तसा सांगितला नव्हता, चाचांच्या हातांनी सवयीनं तसाच कापला होता. मी स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी होते. आई माझ्याकडेच राहते. माझा नवरा नोकरीनं लातूरला असतो, शनिवार-रविवारी येतो, बाकी दिवस आम्ही दोघी. आईच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागला होता. ती दारात येऊन थांबली आणि म्हणाली, "आक्का, कवा आलीस गं?"

मी वळले असते तर तिला कळलं असतं. मी वळले नाही. म्हणाले, "आत्ताच, आई."

त्या दिवसापासून माझा मापाचा ब्लाउज तोच. चाचांनी एका शब्दानं विचारलं नाही. पिशवीतून मरून खणाचा ब्लाउज निघायचा, ते तो मशीनवर पसरून हातानं सारखा करायचे आणि बेतायला घ्यायचे. माझं सगळं कपाट, लोक ज्याच्या दंतकथा सांगतात ते, आक्काच्या मापाचं आहे. आषाढात घेतलेलं, उन्हात बघितलेलं, दुसऱ्या फेरीत उचललेलं, आणि तिच्या अंगाचं. ढिलेपणा मी आतून सेफ्टी पिनेनं सावरायचे. तरी उजवा खांदा दिवसातून दहादा घसरायचा. फाइल घ्यायला हात वर केला की घसरायचा, बसची दांडी धरली की घसरायचा. आपल्याला कुणीतरी मागून हलकेच धरतंय, असं वाटायचं. मी वर सरकवायचे आणि मनात म्हणायचे, हो गं, आहे लक्षात.

लोकांना ती स्टाइल वाटली. ऑफिसातल्या बायका चाचांकडे जाऊन सांगायला लागल्या, "मॅडमसारखा गळा करा." आमच्या ऑफिसाचा व्हरांडा लांब आहे. एकदा दुपारी मी दारातून बाहेर पाहिलं, तर पुढे तीन बायका चालल्या होत्या, आणि तिघींच्या पाठीवर तो गळा, ती बोटभर खणाची पट्टी. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. तिघींपैकी एकीनं जरी मान वळवली असती, तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. साडीच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात, त्यात आपली पाठ आपल्याला दिसते. त्या आरशांसमोर मी दोन साड्या खांद्यावर टाकून कितीतरी वेळ उभी राहायचे. दुकानदाराला वाटायचं, रंग ठरेना. मी पाठ बघत असायचे.

आणि आई. आईचं मन पुढे पुढे कधी इथं, कधी तिथं असायला लागलं. मी समोर असले की ती माझ्याशी बोलायची. मी पाठमोरी असले की आक्काशी. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, पोरगी शाळेत जाते का, भाऊजींनी विहिरीचं काय केलं. मी भाकरी थापत सगळ्याची उत्तरं द्यायचे. खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता. आईला बरं वाटावं म्हणून करते, असं मी म्हणायचे. पण आई झोपलेली असतानाही मी ओट्याशी उभी राहून "व्हय आई, बरंय सगळं" म्हणायचे, ते कुणासाठी होतं?

आक्काची मुलगी, माझी भाची, तेव्हा नऊ वर्षांची होती. आता विशीची आहे, सोलापूरला होस्टेलवर राहून कॉलेज करते. मागच्या दिवाळीत ती आमच्याकडे आली. शेवटच्या वर्षाच्या निरोपाच्या कार्यक्रमाला सगळ्या मुली साड्या नेसणार होत्या. मी तर वर्षभर वाटच बघत होते. आषाढात एक साडी घेऊन ठेवली होती. हळदीचा पिवळा रंग, जांभळा काठ. तीच नव्हे, तशी. ब्लाउज मी चाचांना मरून खणाच्याच मापानं शिवायला सांगितला होता. तिला घातला आणि म्हणाले, "बघ, टाकीटोक बसला! आईचं अंग उचललंस तू." आई रडली. मीही रडले. पोरगी आमच्याकडे बघत उभी राहिली.

माघात, कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, ती परत आली. ब्लाउज घालून बघितला तर ढिला. आम्ही चाचांच्या दुकानात गेलो. दुकानात शिरताच तिनं माठातलं पाणी मागितलं. चाचा टाचण्या शोधेपर्यंत दुसरा तांब्या. मग ती आरशासमोर उभी राहिली आणि चाचा तिच्या दोन्ही बाजूंनी कापड चिमटीत धरून म्हणाले, "बोटभर आत घ्यावं लागंल दोनी कडनं."

पोरगी आरशात स्वतःकडे बघून हसली. "बारीक झाले ना मावशी मी? मैत्रिणी पन म्हनायल्यात, काय खात न्हाईस ते सांग आमाला."

लई भारी दिसायलीस, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. खरंच आले होते. मी आरशात बघितलं, तर चाचांचे हात थांबले होते. ते तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. अकरा वर्षांपूर्वी बोलले नाहीत ते आताही बोलवत नव्हतं त्यांना.

मी म्हणाले, "चाचा, आत घेऊ नका. टाचण्या काढा."

"मावशी, अगं कार्यक्रम..."

"खड्ड्यात गेला कार्यक्रम. भूक लागते का तुला? किती दिवस झाले हे असं पाणी प्यायला लागून? रात्री किती वेळा उठतीस?" मी तिच्यावर भर दुकानात ओरडत होते. तिला तसाच ढिला ब्लाउज अंगावर, वर ओढणी टाकून रिक्षात बसवलं आणि दवाखान्यात नेलं. तपासणीचा कागद येईपर्यंत मी बाकावर बसून आक्काशी भांडत होते. हिला नेलंस तर बघ. सगळं कपाट पेटवून देईन, एक चिंधी ठेवणार नाही तुझी.

साखर होती. लहान वयात होते ती, इन्सुलिन घ्यावं लागतं अशी. डॉक्टर म्हणाले, "आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर बेशुद्धच आणली असती. तुम्हाला कळलं कसं?" मी म्हणाले, "ब्लाउज ढिला झाला." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग परत कागदाकडे.

कार्यक्रम बुडाला. पोरगी तीन महिने आमच्याकडे राहिली. आधी मला तिला सुई टोचताना चक्कर यायची, मग ती स्वतःच टोचून घ्यायला शिकली. गालांवर पुन्हा मांस आलं. चैत्रात एका सकाळी तिनं आपणहून तो ब्लाउज घातला आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. कमरेत, छातीत नीट बसला होता. खांदे मात्र उतरले होते.

"मावशी, खांद्यात दिवाळीतबी ढिलाच होता. तू मागून पिन लावलीस." मग म्हणाली, "तुझेबी सगळे ढिलेच असतात. मला लहान होते तवापास्नं दिसतंय. आईच्या मापाचे हायत ना?"

मला वाटायचं, हे फक्त चाचांना माहीत आहे. मी मान हलवली. तिनं माझ्या पिशवीतून मरून खणाचा ब्लाउज काढला, नाकाशी धरला. त्याला आता फक्त चाचांच्या दुकानाचा, मशीनच्या तेलाचा वास येतो. "हा मी ठेवू? मापासाठी न्हाय. असाच."

अकरा वर्षांत मी तो एक रात्रही घराबाहेर, चाचांच्या दुकानाखेरीज, राहू दिला नव्हता. माझ्या तोंडून "नाही" निघणार होतं. पण ती त्या ब्लाउजाची मुलगी होती... म्हणजे आक्काची. मी दिला.

त्याच दिवशी आम्ही दोघी चाचांकडे गेलो. पिशवीत मापाचा ब्लाउज नाही म्हटल्यावर चाचांनी गळ्यातला टेप काढला. आधी पोरीचं माप झालं, मग माझं. टेप खांद्यांवरून गेला तेव्हा मी अंग चोरलं. चाचा पुटपुटले, "आक्कांपरीस दोन बोटं कमी." आक्काचं माप बघायला त्यांना काही लागलं नाही, हाताला पाठ होतं.

नवा ब्लाउज आठवड्यानं मिळाला. नीट बसला. कुठं पिन नाही, काही नाही. घालून मी ओट्याशी उभी राहिले, भाकरीचं पीठ घेतलं. हात वर केला, फळीवरचा डबा काढला. खांदा जागचा हलला नाही. मी तरी सवयीनं वर सरकवायला हात नेला. सरकवायला काही नव्हतं. इतकं एकटं मला तिच्या मरणाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आई दारात येऊन उभी राहिली. मी पाठमोरीच होते. मग तिनं विचारलं, "आक्का गेली व्हय गं?"

"व्हय, आई. गेली."

"सांगून न्हाय गेली."

मी पीठ मळत राहिले. म्हणाले, "गाडीची वेळ झाली होती."

आई म्हणाली, "बरं," आणि भिंतीला हात लावत आपल्या खाटेकडे गेली.